गेलन ब्रेके शिष्यवृत्ती

लिंडव्हेट, नॉर्थ डकोटा
२४ एप्रिल २०१८

माननीय श्रीमती ब्रेके यांना,
सप्रेम नमस्कार.

वीज सहकारी संस्थांचा राज्य संघ आणि टेलिफोन सहकारी संस्थांचा संघ मिळून तुमच्या पतींच्या नावाने जी शिष्यवृत्ती देतात, ती यंदा मला मिळाली आहे. आभाराचं पत्र पोचल्याशिवाय चेक निघत नाही असा नियम आहे. वीज संस्थेचे मॅनेजर कर्टिस यांनी मला नमुन्याचं पत्रही दिलं होतं. 'आपल्या औदार्याबद्दल मी आजन्म ऋणी राहीन' अशी त्याची सुरुवात आहे. मी ते दोनदा उतरवून काढलं आणि दोन्हीदा फाडलं, कारण ते वाचून मी सत्तर वर्षांची आहे असं वाटत होतं.

मी डेलबर्ट फाइस्ट यांची मुलगी. गावाच्या उत्तरेला, जुन्या धान्य कोठाराच्या पुढे आमचं शेत आहे. तुम्ही मला ओळखत नसाल, पण मी तुम्हाला ओळखते. बाबांबरोबर टेलिफोन ऑफिसात बिल भरायला यायचे तेव्हा खिडकीतून तुम्ही मला पेपरमिंट द्यायचात, आणि बाबांनी मागितली तर 'मोठ्यांना नाही' म्हणायचात. ऑगस्टमध्ये मी फार्गोला इंजिनिअरिंगला जाणार आहे, विजेच्या लाइनींचं शिकायला. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. ही शिष्यवृत्ती नसती तर जाता आलं नसतं. हे नमुन्यातलं वाक्य नाही, खरं आहे.

कर्टिस म्हणाले की तुम्ही निबंध वाचत नाही, फक्त जूनमध्ये वार्षिक सभेत प्रमाणपत्र देता. पण माझा निबंध तुम्ही वाचावा असं मला वाटतं, कारण तो गेलन गेले त्याच संध्याकाळचा आहे. त्यातला थोडा भाग इथे उतरवते.

"मी सहा वर्षांची होते. दोन दिवस गोठणारा पाऊस पडत होता आणि तारा बर्फ धरून मनगटाएवढ्या जाड झाल्या होत्या. आई गावातल्या वृद्धाश्रमात कामावर अडकली होती. मला न्यूमोनिया झाला होता. वीज गेली तेव्हा बाबांनी मला दोन रजयांत गुंडाळलं आणि ते शेडमध्ये जनरेटर लावायला धावले. मी खिडकीतून बघत होते. आधी अंगणातल्या खांबावरचा मोठा दिवा लागला, मग स्वयंपाकघरातला. सगळ्या मुलखात अंधार आणि आमच्या अंगणातला दिवा तेवढा चालू. बाबा घसरत घसरत परत आले, आम्ही पत्ते खेळलो, आणि मला वाटलं, आता काही वाईट होऊच शकत नाही. त्याच वेळी आमच्याच लाइनवर गेलन ब्रेके आमच्यासाठी खांबावर चढले होते. ते आमच्यापर्यंत पोचले नाहीत. त्यांचं राहिलेलं काम मला करायचं आहे."

जूनमध्ये भेटूच. बाबा आत्तापासून नवीन शर्ट शोधताहेत.

तुमची कृतज्ञ,
टेसा फाइस्ट


लिंडव्हेट
२७ एप्रिल २०१८

प्रिय मार्लिस,

फोन केला नाही. हे मला फोनवर बोलता येणार नाही, आणि दुसरं म्हणजे या गावात भिंतींना नाही, टेलिफोनच्या तारांनाच कान असतात. तीस वर्षं त्या ऑफिसात काढल्यावर मला हे कोणी सांगायला नको. फाइस्टच्या मुलीचं पत्र सोबत जोडलंय. आधी ते वाच.

वाचलंस? आता तो अंगणातल्या दिव्याचा भाग पुन्हा वाच. तू लाइनमनची मुलगी आणि लाइनमनची बहीण, तुला समजावायला नको. पण मला लिहून काढल्याशिवाय राहवत नाही. शेतावर खांबावरचा तो दिवा घराच्या मीटरवर नसतो. तो संस्थेचा, सरळ संस्थेच्या तारेवर जोडलेला. लाइन गेली की तोही जायला हवा. माणसाने जनरेटर लावण्याआधी घराला लाइनपासून तोडणारा खांबावरचा खटका पाडला, तर घरात उजेड होतो आणि तो दिवा बंदच राहतो. फाइस्टच्या अंगणातला दिवा लागला होता, म्हणजे खटका पाडलेला नव्हता. जनरेटरची वीज घरात गेली तशी उलटी बाहेरही गेली, ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरून हजारो व्होल्ट झाली आणि मेलेल्या तारेत चढली. त्या तारेवर गेलनचा हात होता.

बारा वर्षं आपण विचारतोय, कोणाचा जनरेटर? त्या लाइनवरच्या एकूण एक घराने सांगितलं, आम्ही खटका पाडला होता. चौकशी तिथेच संपली. अहवालात राहिलं ते एवढंच, की लाइनमनने हात लावण्याआधी तारेला अर्थिंग केलं नव्हतं. नव्हतंच केलं. तो दोन दिवस झोपला नव्हता, आणि पुढच्या घरात आजारी पोर आहे असं त्याला संस्थेच्या रेडिओवर कळलं होतं.

त्या पोरीनेच हे लिहिलंय, मार्लिस. तिला काही कळलेलं नाही. बापावरच्या मायेने लिहून गेली. निबंध तपासणारे तिघे म्हणजे कर्टिस, एक विमा एजंट आणि शाळेच्या बँडचा मास्तर. एजंट आणि मास्तरला दिवा कशावर जळतो ते काय कळणार, आणि कर्टिस हिशेबातून मॅनेजर झालेला. त्यांनी 'फार हृद्य' असा शेरा मारलाय.

जूनमध्ये मला स्टेजवर उभं राहून त्या मुलीच्या हातात गेलनच्या नावाचा कागद द्यायचाय, आणि डेलबर्ट समोर बसलेला असेल. मी कोणाला सांगू? सांगू का? पत्र आल्यापासून मी सूप गरम करते आणि न खाता परत ठेवते.

तुझी,
लव्हॉन


मेसा, अ‍ॅरिझोना
४ मे २०१८

लव्हॉन,

तुझं पत्र वाचून मी उठले आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांची दारं एकेक करून आपटली. खालची बाई काठीने छत ठोकत होती. ठोकू दे.

'सांगू का' म्हणजे काय? तू अजून सांगितलं नाहीस? पत्र उचल, कर्टिसच्या टेबलावर ठेव आणि म्हण, वाच, आणि माझ्या नवऱ्याच्या नावावरचा तो ठपका पूस. अवघड काय आहे त्यात? पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पायावर पाय देणाऱ्याचीच तू माफी मागशील.

आई गेली त्या आठवड्यात मी तिच्याजवळ होते. बाकी सगळं विसरली होती, माझं नावसुद्धा. मला नर्स समजून विचारायची, "माझा गेलन एवढा धांदरट कधी झाला हो?" रोज विचारायची. एका लाइनमनची बायको आणि दुसऱ्याची आई. पहिल्यात निष्काळजीपणा कधी पाहिला नाही आणि दुसऱ्याचा पेपरात वाचला.

आणि तो संघ! इकडे शिष्यवृत्ती देतो आणि तिकडे दरवर्षी नव्या पोरांना सुरक्षेच्या वर्गात गेलनची गोष्ट सांगतो, कसं करू नये म्हणून. नाव घेत नाहीत म्हणे, मान राखतात. अर्ध्या राज्याला माहीत आहे तो कोण ते.

मुलीचं मला वाईट वाटतं. तिने दुसरी शिष्यवृत्ती शोधावी. पण तिला कॉलेज आणि माझ्या भावाला बोल, हे मी मुकाट्याने बघणार नाही. सभेच्या आत सांग. नाही तर मी विमानात बसते आणि तिथे येऊन सांगते, आणि माझा आवाज तुला माहीत आहे.

मार्लिस


लिंडव्हेट
१९ जून २०१८

प्रिय मार्लिस,

तू आली नाहीस याबद्दल देवाचे आभार, आणि मी सांगितलं नाही याबद्दल तुझी माफी. बघ, मागितलीच.

पण सांगायचं ठरवून गेले होते. पत्र पर्समध्ये होतं. शाळेच्या व्यायामशाळेत नेहमीसारखी सभा, रोस्ट बीफ, घेवड्याच्या उसळीचं पातेलं, सोडतीत बल्ब आणि एक हीटर. अध्यक्षांचं भाषण चालू असताना सगळे बक्षिसांकडे बघत होते. मी ठरवलं होतं की आधी डेलबर्टला बाजूला घ्यायचं. लोकांदेखत नको, पण तोंडावर सांगायचं, तुझा जनरेटर होता.

तोच माझ्याकडे आला. नवीन शर्ट, घडीच्या खुणा तशाच. पाच-सहा वर्षांत फार म्हातारा झालाय. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "लव्हॉन, मला बारा वर्षं एकच गोष्ट खाते आहे. तो आमच्याकडे येत होता. मी फोन करून सांगायला हवं होतं, घाई करू नका म्हणून. आम्हाला काय, जनरेटर होता, उजेड होता. माझी पोर उबेत होती आणि तो माझ्यासाठी खांबावर होता." एवढा मोठा माणूस, माझा हात धरून रडला. बायको मागून कोपराने ढोसत होती, लोक बघताहेत म्हणून.

त्याला माहीत नाही, मार्लिस. तो लपवत नाही. त्याला खरोखर वाटतं की त्याने खटका पाडला होता. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "पोरगी छान लिहिते हं तुझी." मग स्टेजवर गेले आणि कागद दिला. फोटोवाला म्हणाला, हसा. मी हसले. पेपरात आलाय फोटो, पाठवत नाही.

त्या मुलीला बापाच्या जिवावर उठवून मी गेलनचं नाव धुऊ? एका कागदावरची एक ओळ बदलेल. गेलन त्या ओळीच्या आधीही निष्काळजी नव्हता आणि नंतरही नव्हता. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पुरत नाही, कबूल. मला तरी कुठे पुरतंय?

रागाव, पण लिही.

लव्हॉन


लिंडव्हेट
१० सप्टेंबर २०१८

प्रिय टेसा,

तुझं कार्ड मिळालं. मला 'श्रीमती ब्रेके' म्हणू नकोस, त्या माझ्या सासूबाई होत्या आणि त्यांना सगळे घाबरायचे. लव्हॉन म्हण.

वसतिगृहातलं जेवण वाईट असतंच, तक्रार कर पण खा. फुफ्फुसं जपायची, टोपी घातल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

एक सुचवायचं होतं. आपली शिष्यवृत्ती दोन्ही संघांची आहे, वीज आणि टेलिफोन. पहिल्या वर्षानंतर विषय बदलला तरी चालतो, मी विचारून घेतलंय. टेलिफोनचं काम आता सगळं काचेच्या बारीक तारांचं, स्वच्छ आणि गरम ऑफिसात बसून करायचं. आमच्या संस्थेला दर वर्षी माणूस हवा असतो आणि मिळत नाही. तू तिकडे गेलीस तर इथेच, घराजवळ नोकरी मिळेल. विजेत काय ठेवलंय? विचार कर. मी आग्रह करत नाही.

थोडा करते आहे.

तुझी,
लव्हॉन


फार्गो
७ ऑक्टोबर २०१८

प्रिय लव्हॉन,

तुमचं पत्र मी माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझी आजी गोड आहे." मी म्हटलं, आजी नाही, पण असू दे.

तुम्ही मला टेलिफोनकडे का ढकलताय ते मला कळतं. तुम्हाला भीती वाटते. एकदा विजेने तुमच्या घरातलं माणूस नेलं, आता दुसऱ्या कोणी त्या वाटेला जाऊ नये असं वाटतं. आईसुद्धा हेच म्हणते, फक्त ओरडून. पण म्हणून तर मला विजेतच राहायचंय. गणित कठीण जातं, पहिल्या चाचणीत अगदी काठावर पास झाले, तरी लाइनींच्या तासाला मी पहिल्या बाकावर असते. फेब्रुवारीत संघाचे मास्तर येऊन सुरक्षेचा वर्ग घेतात, तो पहिल्या वर्षाला सक्तीचा नाही, तरी मी नाव दिलंय. गेलन यांना काय झालं ते मला नीट समजून घ्यायचंय. निबंधात मी फक्त भावना लिहिल्या, तांत्रिक काहीच नव्हतं.

घरी जाते तेव्हा बाबा मला दारातच विचारतात, "लव्हॉनचं पत्र आलं का?" त्यांना फार बरं वाटतं तुम्ही लिहिता म्हणून. पूर्वी हिवाळा जवळ आला की गप्प गप्प व्हायचे, यंदा झाले नाहीत.

टोपी घातली आहे.

तुमची,
टेसा


मेसा
१६ डिसेंबर २०१८

लव्हॉन,

नाताळ आहे म्हणून लिहिते. अबोला सुटला असं समजू नकोस.

मी कर्टिसला तीन पत्रं लिहिली आणि एकही टाकलं नाही. म्हणजे तुझा रोग मलाही लागला. डेलबर्ट फाइस्ट खोटं बोलत असता तर बरं झालं असतं, मी त्याला सोलून काढलं असतं. तुझा हात धरून रडणाऱ्या माणसाचं मी काय करू? मला राग धरायलासुद्धा तू जागा ठेवली नाहीस.

पण तुझं ते टेलिफोनचं वाचून मात्र मी हसले, आणि हसता हसता पुढे काय झालं ते नाही सांगत. अगं बाई, तुझ्याच नवऱ्याच्या नावाने पोरीला शिकायला पाठवायचं आणि तिने शिकू नये अशी आशा करायची? फेब्रुवारीच्या त्या वर्गात ते गेलनचीच गोष्ट सांगतात. ती पोरगी हुशार आहे, तूच लिहितेस. परक्या मास्तरच्या तोंडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे. एवढं तरी कर. हे मी गेलनसाठी सांगत नाहीये, पोरीसाठी सांगते आहे. बघ, मीही म्हातारी झाले.

मार्लिस


फार्गो
१५ फेब्रुवारी २०१९

लव्हॉन,

काल तो वर्ग झाला. मास्तरांनी पडद्यावर एक खांब दाखवला. म्हणाले, आपल्याच राज्यातली गोष्ट, गोठणारा पाऊस, अनुभवी लाइनमन, नाव सांगत नाही. मला माहीत होतं. मी शेजारच्या मुलाच्या कानात सांगितलं, यांच्याच नावाची शिष्यवृत्ती मला मिळाली आहे. मला अभिमान वाटत होता.

मग त्यांनी सांगितलं की वीज कोणाच्या तरी जनरेटरमधून उलटी आली, घर कधी सापडलं नाही. त्यांनी वर्गाला विचारलं, एखाद्या शेतावरून उलटी वीज येते आहे हे रस्त्यावरून कसं ओळखाल? कोणाला येईना. माझा हात अर्धा वर गेला होता, कारण मला वाटलं आपण विचार करून सांगू. तेवढ्यात त्यांनीच उत्तर सांगितलं.

माझा हात तसाच राहिला.

लव्हॉन, मी ते स्वतःच्या हाताने लिहून तुम्हाला पाठवलं होतं. एप्रिलपासून तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढलात. मला टोपी घाल म्हणालात. मी तुम्हाला लिहिलं की तुम्हाला भीती वाटते, मला समजतं. मी केवढी मूर्ख!

तुम्ही का नाही सांगितलंत? मी रागाने विचारत नाही. थोडं रागाने विचारते आहे. तुम्ही सांगितलं असतंत तर निदान मी वर्गात अभिमानाने बसले नसते.

या सत्राचे पैसे मी कॉलेजला संघाकडे परत पाठवायला सांगितलेत. बसने घरी जाते आहे. बाबांना सांगणार. न सांगता त्यांच्यासमोर जेवायला बसायचं कसं? त्यांनी ते माझ्यासाठी केलं. मी आजारी नसते तर त्यांनी घाई केली नसती. गेलनही माझ्याचसाठी घाईत होते ना?

पत्र पाठवू नका, प्लीज.

टेसा


लिंडव्हेट, उत्तर रस्ता
११ मार्च २०१९

लव्हॉन,

मला पत्र लिहिता येत नाही. बायको म्हणाली मी लिहून देते, मी नको म्हटलं.

टेसाने सांगितलं. मी म्हणालो, असं होणार नाही, मी खटका पाडला होता. मला आठवत होता तो, लोखंड किती गार होतं तेसुद्धा. दर वर्षी पाडतो. माझ्या बापाने शिकवलं होतं, आधी खटका मग जनरेटर. तिने विचारलं, मग दिवा कसा लागला? मी शेडमध्ये जाऊन बसलो. मला जे आठवतं ते इतर वर्षांचं आहे. त्या दिवसाचं आठवतं ते एवढंच, की ती खोकत होती आणि मी धावत होतो.

आणखी एक आहे. ते तुला सांगायला हवं की नको मला कळत नाही, पण माझ्याजवळ ठेवलं तर मी जगणार नाही. आम्ही पत्ते खेळत होतो. एकदा जनरेटर कण्हल्यासारखा आवाज करून बसल्यासारखा झाला. दिवे मंद झाले, मग पुन्हा नीट झाले. टेसा हसली. मी म्हटलं, डिझेलमध्ये पाणी असेल. मी उठलोसुद्धा नाही. पत्ते वाटले.

मी संस्थेत जाऊन कर्टिसला सगळं सांगितलं आणि सही करून दिलं. ते अहवाल बदलणार आहेत. गेलनची चूक मुख्य नव्हती असं त्यात येईल. वकीलही आला होता, तो म्हणाला गप्प राहा, मी राहिलो नाही. सुरक्षेच्या वर्गात आता माझं नाव घेऊन सांगा म्हटलं. ते नाही म्हणाले.

मी माफी मागत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीची माफी कशी मागायची असते ते मला माहीत नाही.

टेसा खोलीतून बाहेर येत नाही. कॉलेज सोडलं म्हणते. जेवण दाराशी ठेवतो. ती मला काही बोलली नाही, एक शब्द वाईट बोलली नाही, त्यापेक्षा बोलली असती तर बरं होतं. मी तुझ्याकडे काही मागू शकत नाही. मागत नाही. नुसतं कळवलं.

डेलबर्ट फाइस्ट


लिंडव्हेट
१४ मार्च २०१९

टेसा,

पत्र पाठवू नका म्हणालीस, तरी पाठवते आहे. मोठी माणसं अशीच असतात.

तुझ्या बाबांचं पत्र मिळालं. मी ते एकदाच वाचलं. दिवे मंद झाल्याचं लिहिलंय तिथपर्यंत आले आणि पत्र उलटं ठेवून घरभर फिरत राहिले. उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं. काल दुकानात ते दुधाच्या कपाटापाशी उभे होते. मी माझी टोपली तिथेच जमिनीवर ठेवून बाहेर आले. मी त्यांना माफ केलं आहे असं तुला सांगायला मला आवडलं असतं. केलेलं नाही. होईल का तेही माहीत नाही. बारा वर्षं मला कोणाचा राग करायचा ते माहीत नव्हतं, आता माहीत आहे, आणि तो माणूस रडतो. हे सोपं नाही. पण ते माझं आणि त्यांचं आहे, त्यात तू येत नाहीस.

तू विचारलंस, का नाही सांगितलं. भीतीने. तुझी पत्रं यायची थांबतील या भीतीने, हे सगळ्यात खरं. आम्हाला मूल झालं नाही. शिष्यवृत्ती दर वर्षी कोणीतरी घेतं, नमुन्याचं पत्र पाठवतं आणि विसरतं. तुझं नमुन्याचं नव्हतं. मार्लिस, माझी नणंद, म्हणाली होती, पोरीला तुझ्याकडून कळू दे. तिचं ऐकायला हवं होतं. तू एकटी त्या वर्गात बसली होतीस हे मनात आलं की मला माझीच लाज वाटते.

तू सहा वर्षांची होतीस, आजारी होतीस आणि दिवे परत आले म्हणून हसलीस. त्यासाठी आता खोलीत कोंडून घेणार? गेलन असता तर दार उघडून तुझी उशी ओढली असती. घाई त्याने केली ती त्याची. आजारी पोर आहे म्हटल्यावर तो नेहमीच घाई करायचा, तू नसतीस तर दुसरं कोणी असतं. मी त्याच्यावर त्यासाठीही रागावलेली आहे, बरं का. तुझ्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. तरी तू घेणार, ते मी थांबवू शकत नाही. पण घेतलंस तर ते घेऊन वर्गात बस.

कर्टिसला मी सांगितलंय की पैसे परत आले तर परत पाठवायचे. कॉलेजशीही बोलले. सत्र बुडालेलं नाही, पुढच्या आठवड्यात आलीस तर चालेल म्हणतात.

सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन येते. घरात येणार नाही, तेवढं माझ्याने होणार नाही. अंगणातही नाही. रस्त्यावर टपालपेटीपाशी थांबेन, तू बॅग घेऊन चालत ये. बाबांचा निरोप घरातच घे, आणि नीट घे, त्यांच्या गळ्यात पडून घे, मी बघणार नाही. ते खिडकीत उभे राहिले तर चालेल.

फार्गो लांब आहे. वाटेत बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मलाही जमेलसं वाटत नाही. गेलन गेला तेव्हापासून मी तुमच्या रस्त्याला आलेली नाही. वळण चुकलं आणि उशीर झाला, तर थोडी वाट बघ.

लव्हॉन